वीस बाइटांत न मावणारं गाव

अचलपूर आणि परतवाडा ही आमच्याकडची जोडगावं. बाहेरचा माणूस आला तर एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं हे त्याला सांगावं लागतं. नगरपरिषद एकच आहे. तरीही 'तू कुठला?' असं विचारलं तर परतवाड्याचा माणूस परतवाडाच सांगणार. तर या दोन गावांत एक फरक असा आहे, जो कुठल्याही गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही. डेटाबेसमध्ये गावाच्या नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवला, तर अचलपूर त्यात मावतं आणि परतवाडा मावत नाही!

खोटं वाटतंय? मोजून बघू. आज जवळपास सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट खातो. 'अचलपूर' म्हणजे अ, च, ल, प, दीर्घ उकार, र. सहा संकेत, अठरा बाइट. 'परतवाडा' म्हणजे प, र, त, व, काना, ड, काना. सात संकेत, एकवीस बाइट. वाचताना आपण पाचच अक्षरं वाचतो: प-र-त-वा-डा. रोमन लिपीत हेच नाव नऊ बाइटांत बसतं. म्हणजे ज्याने रकाना ठरवताना 'वीस पुरे झाले, गावाचं नाव किती मोठं असणार' असा विचार केला, त्याचं गणित रोमन अक्षरांचं होतं. तिथे आमचं गाव एका बाइटाने बाहेर राहिलं.

आजचा सगळा लेख याच एका गोष्टीबद्दल आहे. डेटाबेसमध्ये 'स्ट्रिंग' नावाची जी चीज आपण रोज वापरतो, ती प्रत्यक्षात अक्षरं साठवतच नाही. ती साठवते ० ते २५५ मधले आकडे. ते आकडे म्हणजे अक्षरं, चित्र की कुलूपबंद मजकूर, हे त्या आकड्यांत लिहिलेलं नसतं. तो एक करार असतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी डोक्यात असतो. माणूस नोकरी सोडून गेला की करारही गेला. मराठीचा संगणकावरचा इतिहास बघितला तर तो बराचसा अशाच न लिहिलेल्या करारांचा इतिहास आहे.

संगणकाआधी काय होतं ते एका परिच्छेदात उरकतो. इंग्रजांच्या कागदांत अचलपूर म्हणजे एलिचपूर. तोही शब्द रोमनमध्ये कधी एका 'एल'ने लिहिलेला तर कधी दोन. १९०५ पर्यंत या नावाचा वेगळा जिल्हा होता, मग तो अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. मराठी कागद लिहिणारे कारकून मोडीत लिहीत. ते जलद लिहिता यावं म्हणून, आणि वाचणाराही त्यातलाच असायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत फारसा पाळला जात नसे. वाचणारा संदर्भाने समजून घ्यायचा. म्हणजे करार तेव्हाही होताच, पण तो माणसामाणसांतला होता. हे यंत्राला जमत नाही. संदर्भ कळणारा कारकून आपण काढून घेतला आणि त्याच्या जागी जे यंत्र बसवलं, त्याला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगावी लागते.

त्या यंत्राचा पहिला मोठा करार म्हणजे १९६३ चा आस्की. सात बिट, १२८ जागा. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला हुकूम देणारी काही न दिसणारी चिन्हं. 'कागद वर सरकव', 'घंटा वाजव' वगैरे. पुढे बाइट आठ बिटांचा रूढ झाला आणि वरच्या १२८ जागा मोकळ्या मिळाल्या. जगातल्या प्रत्येक भाषेने आपापलं बिऱ्हाड त्याच १२८ खोल्यांत थाटलं. आकडा तोच, पण फ्रान्समध्ये त्याचा अर्थ वेगळा, रशियात वेगळा.

आपल्याकडे या वरच्या मजल्याचा सगळ्यात शहाणा वापर केला तो इस्कीने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. तिथल्या जिस्ट गटाने संगणकात बसवायचं एक कार्ड काढलं. ते बसवलं की डॉसवर चालणारे साधे इंग्रजी प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. डीबेसला पत्ताही नसे की आपण मराठी साठवतोय. त्याला फक्त आकडे दिसत, दाखवायचं काम कार्डचं. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये हा संकेत आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केला.

इस्कीत 'परतवाडा' कसा साठतो बघा: २००, २०७, १९४, २१२, २१८, १९१, २१८. सात बाइट, बस्स. यातला प्रत्येक आकडा एका ध्वनीचा आहे, आकाराचा नाही. शिवाय आकडे वर्णमालेच्या क्रमाने लावलेले, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर क्रम लावला तरी यादी बऱ्यापैकी बाराखडीप्रमाणे लागते. गंमत म्हणजे हाच २०० देवनागरीतही 'प' आणि गुजराती, तेलुगू, बंगालीतही त्या त्या लिपीतला 'प'. लिपी कुठली ते सांगायला वेगळा संकेत होता. पण हजारो नोंदींच्या तक्त्यात प्रत्येक नावाआधी तो संकेत कोण घालणार? मग 'हा डेटा मराठीचा आहे' हे गृहीत धरलं जाई. लिहून ठेवलेलं नसे. इथे आपला पहिला न लिहिलेला करार आला. पण निदान तो सभ्य होता.

त्यानंतर आला विंडोज आणि डीटीपीचा जमाना, आणि मग जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, घोळ झाला.

फॉन्ट तयार करणाऱ्यांनी सोपा रस्ता काढला. संगणकाला सांगायचं की हा इंग्रजी मजकूर आहे, आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. छापून हातात कागद घ्यायचा असेल तर यात काही वाईट नाही. लग्नपत्रिका सुंदर निघतात. पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये गेला की काय होतं? कृती देव या प्रसिद्ध फॉन्टात 'परतवाडा' टाइप केलं, तर साठतात ती रोमन अक्षरं: आय, जे, आर, ओ, के, कॅपिटल एम, के. हेही सातच बाइट. वीसच्या रकान्यात आरामात बसतात. पण डेटाबेसच्या लेखी हे गावाचं नाव नाही, निव्वळ इंग्रजी बडबड आहे. फॉन्ट बदलला की स्क्रीनवरही तेच दिसतं. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश-सुरेख यांत प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी. एका फॉन्टातला काना दुसऱ्यात भलतंच काहीतरी.

यात एक बारीक काटा आहे, तो इंजिनिअर मंडळींनी लक्ष देऊन वाचावा. बरेच डेटाबेस इंग्रजी मजकूर शोधताना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाहीत. इंग्रजीत ही सोय आहे. पण कृती देवमध्ये कॅपिटल एम म्हणजे 'ड' आणि स्मॉल एम म्हणजे 'उ'. कॅपिटल डी म्हणजे अर्धा 'क', स्मॉल डी म्हणजे पूर्ण 'क'. म्हणजे डेटाबेसच्या मते 'ड' आणि 'उ' एकच! ऱ्हस्व वेलांटी तर आकाराने अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधीच साठवायची. 'कि'मध्ये वेलांटी पहिली, 'क' नंतर. आता क्रम लावा बरं नावांचा. ज्या ज्या नावात पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे ती सगळी, किसन असो, विठ्ठल असो की शिवाजी, एकाच 'एफ' अक्षराखाली गोळा होणार. शाळेच्या हजेरीपटासारखी यादी यातून कशी निघणार, काहून निघणार!

आणि हे नेमकं त्याच काळात घडत होतं, जेव्हा सरकारी नोंदी संगणकावर यायला लागल्या होत्या. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा, म्हणजे आमच्या अमरावतीच्या अगदी शेजारचा. नंतर ती राज्यभर पसरली. त्या काळात मराठीत डेटा भरायचा तर पर्याय दोनच होते: एक तर इस्कीसारखा संकेत, नाही तर फॉन्ट. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पण आपल्या टेबलावरच्या संगणकात ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. म्हणजे मध्ये जवळपास दहा वर्षं गेली. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड प्रमाण म्हणून ठरवला तो २००९ मध्ये. तोवर भरलेला डेटा कुठे गेला? कुठेच नाही, तिथेच आहे. तो एकातून दुसऱ्यात भाषांतरित करत पुढे आणलेला आहे. आणि प्रत्येक भाषांतरात कुणाचा तरी काना सांडलेला आहे.

युनिकोड म्हणजे नुसती यादी, कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक. तो क्रमांक बाइटांत कसा लिहायचा हा पुढचा करार, त्याचं नाव यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर तो ताटाखालच्या कागदावर मांडला. युक्ती फार सुरेख आहे. आस्कीचे १२८ आकडे जसेच्या तसे, एका बाइटात. बाकीच्यांना दोन, तीन किंवा चार बाइट, आणि प्रत्येक बाइटाकडे बघूनच कळतं की हा सुरुवातीचा की मधला. देवनागरीच्या वाट्याला तीन आले. 'प' म्हणजे २२४, १६४, १७०. काना म्हणजे २२४, १६४, १९०. आपल्या प्रत्येक अक्षराची सुरुवात २२४ ने. इंग्रजीला एक आणि आपल्याला तीन हा अन्याय वाटतो खरा, पण जुने प्रोग्रॅम न मोडता सगळं जग एका फाइलीत बसवायचं तर एवढी किंमत फार नाही.

घोळ पुन्हा डेटाबेसमध्ये झाला. २००० च्या दशकात मराठी संकेतस्थळं आणि ब्लॉग वाढले ते बऱ्याच अंशी मायएसक्यूएलच्या जिवावर. फुकट, सोपा, सगळीकडे मिळणारा. वेगवेगळ्या वर्णसंचांची समज त्याला नीट आली ती ४.१ या आवृत्तीत, २००४ मध्ये. तरीही काही सांगितलं नाही तर तो मजकूर लॅटिन-१ आहे असं धरायचा. ही सवय त्याने सोडली ती थेट ८.० मध्ये, २०१८ साली. आणि हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा असल्यामुळे नावांचा क्रम लावायचे त्याचे ठरलेले नियमही स्वीडिश! म्हणजे परतवाड्याच्या ग्राहकांची यादी वर्षानुवर्षं स्टॉकहोमच्या नियमांनी लागत होती आणि कुणाच्या गावीही नव्हतं.

या काळातल्या बिघाडांचे मला तीन प्रकार दिसतात. आजही रोजच्या कामात हेच तीन भेटतात, म्हणून नीट सांगतो.

पहिला, तुटणे. जुन्या मायएसक्यूएलमध्ये २० म्हणजे वीस बाइट होते, अक्षरं नव्हेत. एकवीस बाइटांचा परतवाडा आला की तो तक्रार न करता वीस ठेवायचा आणि एक टाकून द्यायचा. शेवटच्या कान्याचे २२४ आणि १६४ राहिले, १९० गेला. दिसणार काय, तर 'परतवाड' आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ४.१ पासून तिथे २० म्हणजे वीस संकेत झाले. ओरॅकलमध्ये मात्र वेगळं सांगितलं नाही तर आकडा आजही बाइटांचाच असतो. फरक एवढाच, की तो गुपचूप तोडत नाही, सरळ चूक दाखवून नोंद नाकारतो. मला विचाराल तर नाकारणारा बरा. तुटलेलं नाव वर्षभराने सापडतं, नाकारलेलं त्याच मिनिटाला.

दुसरा, वेषांतर. वेबपानावरून यूटीएफ-८चे बाइट आले आणि डेटाबेसने ते लॅटिन-१ समजून ठेवले. परत देताना तसेच दिले. पान व्यवस्थित दिसतं! दोन्हीकडे सारखाच खोटारडेपणा असल्यामुळे कुणाला कळत नाही. मग एक दिवस कुणीतरी डेटा दुसऱ्या सर्व्हरवर हलवतं आणि सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि किड्यासारखी चिन्हं दिसायला लागतात. तो 'ए' म्हणजेच आपला २२४. त्यावर कुणी उत्साहाने 'यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करा' अशी आज्ञा दिली की प्रत्येक बाइटाला स्वतंत्र अक्षर समजून त्याचं पुन्हा रूपांतर होतं. एकवीस बाइटांचा परतवाडा बेचाळीस बाइटांचा होतो. तरीही हा बिघाड सुधारण्यासारखा आहे, कारण माहिती हरवलेली नाही, फक्त चुकीच्या कपड्यांत आहे.

तिसरा, प्रश्नचिन्हं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या प्रकारच्या रकान्यात मराठी घातलं, किंवा मजकुराआधी 'एन' लावायचं राहिलं, तर ज्या अक्षरांना तिथल्या वर्णसंचात जागा नाही त्यांच्या जागी प्रत्येकी एक प्रश्नचिन्ह साठतं. परतवाडा म्हणजे ओळीने सात प्रश्नचिन्हं. अमरावतीही सात प्रश्नचिन्हं. यातून परत काही मिळत नाही. बॅकअप नसेल तर हात जोडायचे.

आता बायनरीकडे येऊ, कारण दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचं औषध तिथेच आहे. फोटो, सही, अंगठ्याचा ठसा, कुलूपबंद केलेला पासवर्ड हे सगळं बायनरी, म्हणजे ज्याचा अक्षरांशी संबंध नाही असे बाइट. यासाठी डेटाबेसमध्ये 'ब्लॉब' नावाचा प्रकार असतो. हे नाव डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या जिम स्टार्की यांनी दिलं, तेही सगळं गिळत सुटणाऱ्या सिनेमातल्या राक्षसावरून. 'बायनरी लार्ज ऑब्जेक्ट' हे भारदस्त पूर्ण रूप नंतर बाजारवाल्यांनी चिकटवलं. ब्लॉबचा करार एका वाक्याचा आहे: हे बाइट आहेत, याला हात लावू नको. ना क्रम, ना भाषांतर, ना कॅपिटल-स्मॉलची सूट.

पण लोक बायनरीसुद्धा मजकुराच्या रकान्यात कोंबतात. त्याची फळं मिळतातच. जुना मायएसक्यूएल, ५.०.३ च्या आधीचा, मजकूर साठवताना शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकायचा. मोकळी जागा म्हणजे ३२ हा आकडा. आता कुलूपबंद केलेल्या माहितीचा शेवटचा बाइट ३२ असण्याची शक्यता किती? २५६ मध्ये एक. म्हणजे सरासरी अडीचशे नोंदींमागे एक नोंद अशी, की जिचं कुलूप आता कुठल्याच किल्लीने उघडणार नाही. चाचणीच्या दहा नोंदींत हे कधीच दिसत नाही. सी भाषेतल्या प्रोग्रॅमला शून्याचा बाइट दिसला की तो मजकूर संपला समजतो. डॉसवरचे प्रोग्रॅम २६ दिसला की फाइल संपली समजत. फोटोत दोन्ही आकडे ढिगाने असतात.

यावर उपाय म्हणून बेस-६४ आला. ईमेलसाठी काढलेली युक्ती. तीन बाइट घ्यायचे आणि ते आस्कीतल्या चार बिनधोक अक्षरांत लिहायचे. तीस हजार बाइटांचा फोटो चाळीस हजारांचा होतो, पण सात बिटांच्या नळातूनही सुखरूप जातो. टपालासाठी हे ठीक आहे. डेटाबेसमध्ये कायमचं राहायला मात्र ठीक नाही. तिसरा हिस्सा जागा वाढते, आणि बेस-६४ मध्ये कॅपिटल-स्मॉल वेगळे असतात हे त्या स्वीडिश नियमांना माहीत नसतं. दोन वेगळ्या गोष्टी सारख्या ठरू शकतात.

हो, ते औषध राहिलं. लॅटिन-१ च्या वेषात अडकलेला मराठी मजकूर सोडवायचा असेल तर त्याचं थेट रूपांतर करायचं नाही. आधी तो रकाना ब्लॉब करायचा. म्हणजे डेटाबेस 'ही अक्षरं आहेत' हे विसरतो आणि बाइट जसेच्या तसे राहतात. मग त्या ब्लॉबला सांगायचं की तू यूटीएफ-८चा मजकूर आहेस. एकही बाइट बदलत नाही, फक्त पाटी बदलते, आणि मराठी परत येते. पहिल्यांदा बघितलं की जादू वाटते. पण जादू काही नाही, न लिहिलेला करार आपण शेवटी लिहून दिला, एवढंच.

आता कुणी म्हणेल, आज सगळं युनिकोड आहे, मग कशाला जुनं उगाळायचं? त्यासाठी आमच्या प्रांताचंच नाव घ्या. 'वऱ्हाड' दोन प्रकारे साठवता येतं. एकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचा एक अदृश्य संकेत, मग ह: 'वर्‍हाड'. प्रमाण पद्धत पहिली. दुसरी युनिकोडने जुन्या मजकुरासाठी चालवून घेतली. डोळ्यांना दोन्ही एकच. बाइट मात्र पहिल्यात अठरा, दुसऱ्यात एकवीस! म्हणजे एक वऱ्हाड अचलपूरसारखं वीसमध्ये मावतं आणि दुसरं परतवाड्यासारखं बाहेर राहतं. युनिकोडचे मजकूर सारखा करायचे जे प्रमाण नियम आहेत तेही या दोघांना एक मानत नाहीत. वऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाळे अशी आडनावं असलेल्या कुणी स्वतःचं नाव शोधलं आणि 'नोंद सापडली नाही' आलं, तर त्यात यंत्राची काही चूक नाही. एका कीबोर्डने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं.

मोडीचं तर त्याहून मजेशीर. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत आली. पण तिला जागा मिळाली वरच्या मजल्यावर, जिथे प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलचा 'यूटीएफ-८' असं नाव लावलेला वर्णसंच प्रत्यक्षात तीनच बाइट घ्यायचा. चार बाइटांचा खरा संच त्यांनी २०१० मध्ये वेगळ्या नावाने दिला. लोक त्याकडे वळले कशासाठी? तर मोबाइलवरच्या हसऱ्या चेहऱ्यांसाठी, तेही चारच बाइटांचे. शेकडो वर्षं महाराष्ट्राचे हिशेब लिहिणाऱ्या लिपीला डेटाबेसमध्ये जागा झाली ती इमोजीच्या कृपेने. आणि प्रत्यक्षात मोडी कागद जिथे जिथे स्कॅन झालेत, तिथे ते चित्र म्हणूनच आहेत. बायनरी. बघता येतात, शोधता येत नाहीत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एका कान्याने काय बिघडतं. सातबाऱ्यावर बिघडतं. एका बाजूला सातबारा, दुसऱ्या बाजूला आधार, तिसऱ्या बाजूला बँकेचं खातं. २०१७ ची कर्जमाफी असो की २०१९ ची पीएम-किसान, या सगळ्या योजना वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळवूनच चालतात. आणि यंत्र 'जुळतं' म्हणतं ते बाइट जुळले तरच. नाव तुटलेलं निघालं तर आपण इंजिनिअर एका ओळीची आज्ञा देऊन ते बदलू. सातबाऱ्यावर तसं करता येत नाही आणि येऊही नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करायचा आदेश लागतो. म्हणजे अर्ज, जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल, तहसीलच्या चकरा. जो बाइट कुणी वीसचा रकाना ठेवून वाचवला, त्याची किंमत अचलपूर तहसीलच्या बाहेर बसलेल्या माणसाने पेरणीचे दिवस मोडून द्यायची.

म्हणूनच मला चावडी वाचन ही कल्पना फार आवडली. संगणकावरच्या आणि हस्तलिखित सातबाऱ्यातला फरक मिटवण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात ही मोहीम झाली. गावाच्या चावडीवर संगणकातले उतारे मोठ्याने वाचायचे आणि ज्याचं त्याने आपलं नाव, क्षेत्र ऐकून चूक सांगायची. आपण फाइल पाठवल्यावर दोन्हीकडचे आकडे पडताळतो, तोच प्रकार. पण त्यापेक्षा एक पायरी वर. आपली पडताळणी फक्त बाइट तेच आहेत का हे सांगते. ते बाइट मुळातच चुकीचे असतील तर चुकीचेच बरोबर ठरवते. चावडीवरचा म्हातारा सांगतो, 'नाही बावा, हे माह्या बापाचं नाव नाही.' हे कुठल्याही डेटाबेसला सांगता येत नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. डिजिटल सही ही अक्षरांवर नसते, बाइटांवर असते. डोळ्यांना न दिसणारा तो एक जॉइनर कुणी काढला किंवा घातला, तर दिसायला कागद तोच, पण सही नामंजूर. म्हणजे हा विषय जुना होत नाहीये, उलट त्याचं वजन वाढतंय.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी सोमवारी ऑफिसात जाऊन एखादा तक्ता बनवणार आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. वर्णसंच आणि क्रमाचे नियम तक्त्यातच लिहा, सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नका. लांबीचा आकडा बाइटांचा आहे की अक्षरांचा ते वाचून घ्या. बायनरी बायनरीच्या रकान्यात ठेवा. नाव साठवण्याआधी 'ऱ्ह'चा एकच प्रकार ठरवा आणि सगळी नावं त्यातच आणा. आणि चाचणीसाठी 'एबीसी' किंवा 'टेस्ट' असलं काही घालू नका. परतवाडा घाला, वऱ्हाड घाला, जमल्यास मोडीतलं एखादं अक्षर घाला. हे तीन जसेच्या तसे परत आले तर बाकीचे बहुतेक येतील.

असो. बराच लांबला लेख. 'ळ'ची गोष्ट राहिलीच: आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र 'ल'च्या शेजारी बसलाय, आणि 'क्ष', 'ज्ञ' तर 'क' आणि 'ज'खाली जाऊन बसलेत. त्यावर पुढच्या शनिवारी.